एप्रिलची वही

२७ एप्रिल २०२३ च्या पानावर मी दोनच शब्द लिहिलेत : ‘माती केली.’ त्याखाली, थोड्या वेळाने, तेच दोन शब्द पुन्हा. दुसऱ्यांदा पेन इतकं दाबलंय की पान उलटलं तरी ‘के’ची मात्रा बोटाला लागते.

वही साधीच आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, तासगावच्या बाजारात मिळते ती. आमच्याकडे अशा वह्यांत द्राक्षबागेच्या फवारण्या लिहितात : तारीख, औषध, प्रमाण, पाऊस झाला असेल तर तोही. २००० साली मी नोकरीसाठी डेट्रॉइटला निघालो तेव्हा आईने बॅगेत अशा दोन कोऱ्या वह्या घातल्या. “हिशेब लिहीत जा,” म्हणाली. एका वहीत खरोखरच डॉलरचे हिशेब लिहिले, सहा महिने. दुसरी तीन वर्षं कोरी राहिली आणि मग तिच्यात जे लिहायला लागलो ते आईला सांगायची सोय नव्हती.

डेट्रॉइटचा फुटबॉलचा संघ म्हणजे लायन्स. इथला फुटबॉल हाताने खेळतात, हे पहिल्या वर्षी मी गावाकडे प्रत्येकाला फोनवर समजावलं, मग सोडून दिलं. लायन्सने शेवटचं विजेतेपद मिळवलं ते १९५७ साली. मी आलो त्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी बोलायला विषय हवा म्हणून मी रविवारचे सामने बघायला लागलो आणि दोन मोसमांत कळलं की या शहरात सामने हा विषयच नाही. सामने हरायचेच असतात. विषय असतो तो एप्रिल. ड्राफ्ट.

ड्राफ्टचा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला चेष्टाच वाटली होती. वर्षभर सगळ्यांत वाईट खेळेल त्याने कॉलेजातून बाहेर पडणारा सगळ्यांत चांगला पोरगा आधी उचलायचा. विजेता सर्वांत शेवटी. आपल्याकडच्या क्रिकेटच्या लिलावात ज्याची थैली मोठी त्याची बोली मोठी; इथे ज्याचं दुखणं मोठं त्याचा नंबर आधी. ही कल्पना बर्ट बेल नावाच्या मालकाची. त्याचा फिलाडेल्फियाचा संघ सारखा हरत असे, तेव्हा ती त्यालाच सुचणार. पहिला ड्राफ्ट झाला फेब्रुवारी १९३६ मध्ये, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात, फळ्यावर नव्वद नावं लिहून. पहिलं नाव उचललं गेलं जे बर्वँगरचं, बेलच्याच संघाकडून. गडी व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. पुढे तो फोम रबराच्या धंद्यात पडला. कॉलेजात मिळालेली मोठी ट्रॉफी त्याच्या मावशीकडे दाराला आडवी लावायला होती, असं सांगतात. ही गोष्ट मला फार आवडते. या सगळ्या खटाटोपाची सुरुवातच अशी झाली की पहिल्या निवडीने दाराला अडसर दिला.

माझ्या वहीतली पहिली नोंद २००३ ची आहे. लायन्सचा नंबर दुसरा. त्यांनी चार्ल्स रॉजर्स घेतला. मिशिगनमधल्या सॅगिनॉचा, इथल्याच विद्यापीठात खेळलेला, वाऱ्यासारखा पळणारा. मी लिहिलंय : ‘घरचा पोरगा! आता बघा.’ उद्गारचिन्ह काढताना पेन तिथे रेंगाळलेलं दिसतं. त्याच वर्षी त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्याच सामन्यात पुन्हा तेच हाड. मग गोळ्या, मग नशा, मग संघाबाहेर. २०१९ मध्ये तो अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या पाठोपाठ, तिसऱ्या नंबरावर, ह्यूस्टनने घेतलेला आंद्रे जॉन्सन आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. रॉजर्स गेल्याची बातमी वाचली त्या रात्री मी वही काढली आणि ते उद्गारचिन्ह खोडावं का, यावर बराच वेळ बसलो. खोडलं नाही. खोडणं जास्त वाईट दिसलं असतं.

पुढची पानं आता वाचताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. २००३, २००४, २००५, तीन वर्षं ओळीने लायन्सने पहिल्या फेरीत सगळ्यांत आधी चेंडू झेलणाराच घेतला, जणू घरात फेकणाऱ्याची गरजच नव्हती. २००५ मध्ये दहाव्या नंबरावर माइक विल्यम्स. अकराव्यावर डॅलसने घेतला डीमार्कस वेअर. चोविसाव्यावर शेजारच्या ग्रीन बेने घेतला ॲरन रॉजर्स आणि २००८ पासून पंधरा वर्षं त्या माणसाने वर्षातून दोनदा येऊन आमचा रविवार नासवला. त्या पानावर मी लिहिलंय : ‘हरकत नाही.’

२००८ मध्ये सोळा सामन्यांत सोळा पराभव. सोळा सामन्यांच्या मोसमात असं कुणीच केलं नव्हतं. स्टेडियममध्ये लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसायचे, डोळ्यांपुरती भोकं पाडून. त्याच हिवाळ्यात आमच्या ऑफिसातही छाटणी सुरू झाली. मी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत होतो. शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं दिसायचं आणि त्या बाजूचे सगळे एकाएकी संगणकात डोकं खुपसायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेला माणूस जाताना फुलझाडाची कुंडी मला देऊन गेला. आमच्या विभागात चौदाजण होतो, मार्चअखेर पाच उरलो. २५ एप्रिल २००९ ला लायन्सने पहिल्या नंबरावर मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला, पाच दिवसांनी क्रायस्लरने दिवाळं जाहीर केलं आणि १ जूनला जनरल मोटर्सने. त्या वर्षीच्या पानावर स्टॅफर्डबद्दल एकच ओळ आहे : ‘एकवीस वर्षांचा आहे.’ याचा अर्थ मला काय म्हणायचं होतं, ते आता नक्की सांगता येत नाही. बहुधा एवढंच, की कुणालातरी या शहरात नोकरी लागली.

२०१० पासून पहिली फेरी गुरुवारी रात्री होऊ लागली. इथे आठ वाजतात तेव्हा गावी शुक्रवारची पहाट, साडेपाच. त्या वेळी माझे वडील, आबा, बागेत असतात. त्यांना झोप येत नाही म्हणून नव्हे, एप्रिलात उन्हाच्या आधी कामं उरकावी लागतात म्हणून. एकदा मी टीव्हीचा आवाज बंद करून सहज फोन लावला, आणि तेव्हापासून तो रिवाज पडला. माझ्या पडद्यावर सुटाबुटातली उंचच उंच पोरं, कानाशी कात्रीचा कट कट आवाज आणि बुलबुल.

“कापलं कुणाला?” हा आबांचा पहिला प्रश्न. घेतलं कुणाला, हे ते नंतर विचारतात.

द्राक्षबागेला वर्षातून दोन छाटण्या लागतात. माल निघाला की वेलीला थोडा विसावा, मग एप्रिलात खरडछाटणी. वर्षभर वाढलेल्या काड्या बुडाशी एखादा डोळा राखून साफ उतरवायच्या. चार दिवसांपूर्वी मांडवासारखी गच्च बाग दोन दिवसांत तारेवर टांगलेल्या वाळक्या हातांसारखी दिसायला लागते. या छाटणीने फळ येत नाही. येते ती नुसती नवी काडी. पण त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या दोनेक महिन्यांत घड धरतो की नाही, ते ठरून जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरला दुसरी छाटणी होते, तेव्हा कुठे कळतं. हल्ली लोक त्याआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली. आबाही नेतात. आणि अहवालात काहीही आलं तरी शेवटी आपल्याला वाटतं तिथेच कापतात.

जानेवारी २०२१ मध्ये लायन्सने स्टॅफर्डला लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे पाठवला. त्यानेच मागितलं होतं. बारा वर्षं झाली होती, बाद फेरीतला एकही विजय नाही. बदल्यात आला जॅरेड गॉफ, जो रॅम्सना नकोसा झाला होता, आणि पुढच्या ड्राफ्टमधले तीन नंबर, त्यांतले दोन पहिल्या फेरीचे. म्हणजे हातातली बाग देऊन रोपं घेतली. मला रडू फुटलं. पंचेचाळिशीचा माणूस, बाहेर बर्फ, स्वयंपाकघरात उभा राहून. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याने न सांगता आजोबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

“बाग म्हातारी झालीया का मालक कंटाळलाय?” आबांनी विचारलं.

मी म्हटलं, मालक नाही, वेलच कंटाळला.

“मग जाऊ दे की त्याला. कंटाळल्याली काडी माल देत न्हाई.” आणि थोडं थांबून, “रडतुयास व्हय रं?”

उपमा फार ताणायची नाही. वेलीला एजंट नसतो, गुडघा नसतो आणि ती कुणी कुणाला विकत नाही. खरं तर मला ही सगळी तुलना कधी कधी टोचते. ड्राफ्टच्या आधी, फेब्रुवारीच्या अखेरीस, इंडियानापोलिसला पोरांची मोजणी होते. उंची, वजन, पंज्याची रुंदी, हाताची लांबी, चाळीस यार्ड पळायला लागलेले सेकंद, शंभराव्या भागापर्यंत. अंगावर आखूड कपडे, समोर खुर्च्यांत वह्या घेऊन बसलेले लोक. लहानपणी आबांबरोबर खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल बघायला जायचो. दात बघायचे, वशिंडावरून हात फिरवायचा, चालवून बघायचा. मला तेच आठवतं. पण तिथे बैल होते. इथे माणसं आहेत, बहुतेक काळी आणि बघणारे बहुतेक गोरे. या देशाच्या इतिहासात अशी मोजणी आधीही कशासाठी तरी झालेली आहे. मी ते बघतो, अस्वस्थ होतो आणि मग पळण्याचे आकडे वहीत उतरवून घेतो. दोन्ही करतो. त्यातलं काय खोटं आहे, ते ठरवलेलं नाही.

२०२१ च्या एप्रिलात पहिल्या फेरीत पेनेई सूल आला, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची राखण करणारा, आणि त्याचं नाव नक्की झालं तेव्हा लायन्सचा नवा जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स खोलीत अक्षरशः नाचला. त्याचा व्हिडिओ सगळ्या गावाने पाहिला. मी लिहिलंय : ‘राखण आली. राखायला काय आहे?’ स्वतःवर खूश होतो त्या ओळीमुळे. शनिवारी उरलेल्या फेऱ्या होत्या. त्यांची नोंद नाही. शनिवारी मी इंडियन ग्रोसरीत होतो, हापूसच्या पेट्या आल्याचा निरोप होता, म्हणून रांगेत उभा होतो. त्याच दुपारी चौथ्या फेरीत, एकशे बाराव्या नंबरावर लायन्सने आमन-रा सेंट ब्राउन घेतला.

त्याच्या आधी सोळा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे, निवडले गेले होते. ती सोळाही नावं त्याला पाठ आहेत, क्रमाने, कोणी कोणत्या संघाने घेतला यासकट. मुलाखतीत विचारलं की धडाधड म्हणतो. म्हणजे त्याच्याकडेही एक वही आहे. फरक इतकाच की माझ्या वहीत मी निकाल देतो, त्याच्या वहीत त्याला मिळालेला आहे.

त्या मोसमात लायन्स पहिले अकरा सामने जिंकू शकले नाहीत. दहा हरले, एक बरोबरीत. ५ डिसेंबरला मिनेसोटाविरुद्ध घड्याळात शून्य होताना गॉफने अखेरचा चेंडू फेकला. तो झेलला सेंट ब्राउनने, रेषेच्या आत. २९-२७. तेरा सामने हरलेल्या त्या वर्षाबद्दल इथले लोक अजून प्रेमाने बोलतात, हे बाहेरच्याला पटवणं कठीण आहे. मी त्या रात्री वहीत एप्रिल २०२१ चं पान काढलं. शनिवारची जागा कोरी. समासात पेन्सिलीने लिहिलं : ‘आंबे.’

आणि आता ते २७ एप्रिलचं पान. स्टॅफर्डच्या बदल्यात आलेल्या नंबरांतला शेवटचा आणि सगळ्यांत भारी, सहावा, होम्सने ॲरिझोनाला दिला आणि मागे सरकून बाराव्यावर जमीर गिब्ज घेतला. चेंडू घेऊन पळणारा. शहाण्या माणसाने पहिल्या फेरीत पळणारा घ्यायचा नसतो, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. मग अठराव्यावर जॅक कॅम्बेल, बचावातला लाइनबॅकर. तोही त्या फेरीत घ्यायचा नसतो. टीव्हीवरचे जाणकार हसत होते आणि मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होतो. स्टॅफर्डच्या बारा वर्षांचे हेच का पैसे झाले? माती केली, माती केली. आबांनी फोनवर ऐकून घेतलं. “घेतलं त्येला बघितलंईस का खेळताना?” म्हणाले. नव्हतं पाहिलं. कॉलेजचे सामने मी बघत नाही. मी फक्त याद्या वाचतो.

ॲरिझोनाबरोबरच्या त्याच सौद्यातून दुसऱ्या दिवशी सॅम लापोर्टा आला आणि पहिल्याच वर्षी त्याने शहाऐंशी झेल घेतले. गिब्जने पुढच्या मोसमात वीस टचडाउन केले. अखेरच्या साखळी सामन्यात, मिनेसोटाविरुद्ध, एकट्याने चार. मी उडी मारून टाळी दिली ती मुलाच्या हाताला इतकी लागली की त्याने बर्फ लावला. वही त्याने वाचलेली होती. “बाबा, माती,” एवढंच म्हणाला.

१४ जानेवारी २०२४ ला स्टॅफर्ड परत आला, रॅम्सचा होऊन, बाद फेरीच्या सामन्यात. लायन्सने याआधी बाद फेरीतला सामना जिंकला होता तो जानेवारी १९९२ मध्ये. तेव्हा मी तासगावात दहावीच्या पूर्वपरीक्षेचा अभ्यास करत होतो. लोकांनी स्टॅफर्डची हुर्यो उडवली आणि गॉफच्या नावाचा गजर केला, ज्याला त्याच्या जुन्या घरातून काढून टाकलं होतं. मला हुर्यो जमली नाही. बारा वर्षं त्याने इथे बरगड्या मोडून घेतल्या होत्या. आम्ही २४-२३ जिंकलो. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ असे पुढे होतो आणि ३४-३१ हरलो. समोरचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटचा, २६२ वा. माझी वही दोनशेबासष्टाव्या नंबरापर्यंत कधीच गेलेली नाही.

त्याच वर्षी एप्रिलात ड्राफ्टच डेट्रॉइटला आला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर लोक. इतके कुठल्याच ड्राफ्टला आले नव्हते. मी मुलाला घेऊन गेलो. रंगमंच दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही इतक्या लांब होतो की पडद्यावरचा माणूस आधी तोंड हलवायचा आणि आवाज मागाहून यायचा. पण बत्तीसही संघांचे लोक आपापले कपडे घालून आलेले आणि ज्या शहराने २०१३ मध्ये दिवाळं काढलं होतं, तिथे ते फूटपाथवर बसून सॉसेज खात होते. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते, जुनं लायन्सचं जाकीट, कोपराला ठिगळ. आपण पुढे सरकून टेरियन आर्नल्ड घेतला, चोविसाव्यावर. गर्दी उसळली. मी त्यांना विचारलं, कसा आहे हा? त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, तीन वर्षांनी सांगतो. मी मोजलं. तीन वर्षांनी ते त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचे असतील. त्यांनी मोजलेलं दिसत नव्हतं.

वही न्यायला विसरलो होतो. मुलाने ते नाव माझ्या तळहातावर लिहिलं.

२०२४ च्या मोसमात सतरापैकी पंधरा जिंकले. ऑक्टोबरात डॅलसविरुद्ध एडन हचिन्सनचा पाय मोडला, तोही याच मातीतला पोरगा, आणि जानेवारीत वॉशिंग्टनने घरी येऊन ४५-३१ ने हरवलं. चांगल्या मोसमाची शिक्षा म्हणून पुढच्या ड्राफ्टमध्ये नंबर अठ्ठाविसावा. हेही नियमात बसतं : बरं चाललं की तुम्हाला मागे उभं करतात. दोन सहायक कोच दुसऱ्या संघांचे मुख्य झाले. आता इथे लोक पुन्हा कुजबुजायला लागलेत की कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, पैसे किती उरलेत. ऑगस्टअखेर नव्वदांतून त्रेपन्न ठेवायचे असतात. सदतीस पोरांना एकेक करून खोलीत बोलावतात, ती त्यांची खेळाची वही हातात घेऊन जातात आणि रिकाम्या हाताने बाहेर येतात. त्यांच्या नावांची नोंद मी कधी केली नाही.

२४ एप्रिल २०२५ चं पान असं आहे : ‘टायलीक विल्यम्स. डिफेन्सिव्ह टॅकल. ओहायो स्टेट.’ त्यापुढे निकालाची जागा. पेन हातात होतं. गावी साडेनऊ वाजून गेले होते, ऊन चढलं होतं, पण आबांनी फोन उचलला. आवाजामागे कात्री नव्हती.

“छाटणी झाली?” मी विचारलं.

“न्हाई. वरल्या अंगाची दोन एकरं काढून टाकली. पंचवीस वरसं झाली व्हती तिला.”

“आता काय लावणार?”

“बघू. तुमच्याकडं कोण आला?”

मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा वेगळं. मग बांधावर कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन तसाच चालू ठेवून ते गेले. मी बराच वेळ ट्रॅक्टर ऐकत होतो.